सख्ख्या बहिणीचा दाखला

ताईचे हात पुन्हा सुजलेत, हे धाकटीला भावोजींनी सांगितलं. सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला तेव्हा ती गणवेशाला इस्त्री करत होती.

"आज कपाचा कान धरता येईना तिला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "दोन्ही तळव्यांत कप धरून चहा प्यायली. मी सांगितलं असं म्हणू नकोस हं."

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन आठवडे असतील. तीन म्हण."

"आणि मला आज सांगताय, भावोजी?"

"तिनं बजावलं होतं गं. चिमणीला कळता कामा नये म्हणाली. बरं, ठेवतो. आली ती."

तीन आठवडे! इस्त्री बंद केली की नाही, हे बसमध्ये बसल्यावर धाकटीला काही केल्या आठवेना, आणि उतरून परत जायला वेळ नव्हता.

ती सरकारी रुग्णालयाच्या सांधेविकार विभागात नर्स होती. घरी चिमणी, विभागात सगळ्यांची सिस्टर. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि त्याच विभागाची सहा वर्षांची रुग्ण. तिचा संधिवात म्हातारपणी गुडघे धरणारा नव्हता. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो होता. ताई कवळ्या बनवायची. दंतवैद्य मापं पाठवत; ती प्लास्टरचे साचे ओतायची, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायची आणि बारीक सुरीने एकेक दात जागेवर बसवायची. आजार सुरू झाला तेव्हा ती सुरी तिच्या बोटांतून गळून पडायला लागली होती. मग हे औषध मिळालं. गोळी नव्हे, इंजेक्शनचं पेन. दर दुसऱ्या मंगळवारी मांडीला टेकवून दाबायचं आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. चार महिन्यांत ताई पुन्हा कामाला बसली होती.

यंदा ते औषध बदललं. मूळ कंपनीचा एकटीचा हक्क संपला होता, दुसऱ्यांनी तसंच औषध तयार केलं होतं आणि यापुढे सगळ्या सरकारी रुग्णालयांनी तेच द्यावं असं वरून पत्र आलं होतं. अशा औषधाला बायोसिमिलर म्हणतात. एकाच्या खर्चात तिघांना औषध मिळणार होतं. विभागाच्या यादीत एकशे बारा माणसं ताटकळत होती. त्यांतल्या एका शिक्षिकेला स्वतःचं आठ महिन्यांचं बाळ उचलता येत नव्हतं, ती दर आठवड्याला फोन करून "माझा नंबर कुठवर आला?" एवढंच विचारायची. रुग्णांना नवं औषध समजावून सांगायचं काम धाकटीकडे आलं तेव्हा तिला त्या शिक्षिकेचाच आवाज आठवला. तिने हाताला लागेल ते सगळं वाचून काढलं. तिला ते मनापासून पटलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या सभागृहात पहिली सभा झाली. चाळीस रुग्ण आले होते. धाकटीने सांगितलं की हे औषध जिवंत पेशींमध्ये तयार होतं, त्यामुळे त्याचे दोन घाणे, म्हणजे दोन बॅचेस, तंतोतंत एकसारखे कधीच नसतात, जुन्या कंपनीचेही नसायचे. नव्या औषधाचा परिणाम जुन्याइतकाच होतो का, हे तपासल्याशिवाय परवानगी मिळत नाही. लोक ऐकत होते, पण हाताची घडी काही सुटत नव्हती. शेवटी मागच्या रांगेतून एक निवृत्त बसचालक उठले.

"सिस्टर, ते सगळं ठीक आहे हो. तुमच्या घरचं कुणी असतं, तर दिलं असतंत का?"

"माझी सख्खी बहीण आहे की!" धाकटी म्हणाली. "तिचंही बदलतंय. ती काय, तिसऱ्या रांगेत बसलीये. ताई, ऊठ ना जरा."

चाळीस माना वळल्या. ताई अर्धवट उठली, हसली, पुन्हा बसली. सभागृह एकदम सैल झालं. "मग आमचंच काय अडलंय!" बसचालक म्हणाले आणि लोक हसले. त्या दुपारी अडतीस सह्या झाल्या. ताईचीही झाली.

आणि आता ताईला कप धरता येत नव्हता.

धाकटीने विभागात पोचल्या पोचल्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्या विभागप्रमुख होत्या. बोलायच्या कमी आणि रुग्णाच्या बोटांकडे बघायच्या जास्त. त्यांनी त्याच दिवशी ताईला बोलावून घेतलं. ताई आली ती भावोजींकडे रागाने बघतच. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. सात सांधे सुजले होते.

"पेन वेळेवर घेताय ना?"

"हो," ताई म्हणाली. तिची नजर टेबलावरच्या कॅलेंडरवर होती.

"एकही चुकलं नाही?"

"नाही."

रक्त तपासायला गेलं. औषध बदलल्यावर त्रास झाला तर त्याचा अहवाल भरायचा नियम होता, आणि तो भरणं धाकटीचंच काम होतं. तिने वय लिहिलं, वजन लिहिलं. 'रुग्णाशी नातं' असा रकाना त्या अर्जात नव्हता. औषधाचं नाव आणि घाण्याचा क्रमांक लिहिताना तिचं अक्षर इतकं वाकडं आलं की तिला दुसरा कागद घ्यावा लागला.

फार्मासिस्टने तो कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "सिस्टर, याच घाण्याची ही तिसरी तक्रार आहे. तुमचे ते बसचालक, ग्रंथालयातल्या बाई आणि आता ह्या."

"तीन म्हणजे खूप झाल्या का?"

"ते मी कोण सांगणार? पण दीडशे पेनं लोकांच्या घरी पोचलीत. गुरुवारी बैठक लावलीये. घाणा परत मागवायचा का ते ठरेल. आणि तोवर नवीन रुग्ण सुरू करायचे नाहीत, असं मला वाटतं."

शिक्षिकेला त्या बैठकीनंतरच्या सोमवारची तारीख दिलेली होती.

पुढचे चार दिवस धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. विभागातला फोन वाजला की तिला वाटायचं, चौथी तक्रार आली. वाचलेले सगळे अहवाल तिने पुन्हा काढले. हजारो लोकांवर पाहिलेलं होतं, काही फरक पडला नव्हता, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. पण त्या हजारोंमध्ये ताई नव्हती. दोनदा तिने ताईला फोन केला. दोन्ही वेळा ताई म्हणाली, "बरं आहे गं. काम पडलंय, ठेवते." लहानपणी शाळेतून भांडून आल्यावर ताई असंच, तेवढ्यापुरतं बोलायची.

मंगळवारी रक्ताचा निकाल आला. मोठ्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"तुमच्या बहिणीच्या रक्तात औषधाचं प्रमाण जवळजवळ शून्य आहे. शरीरानं ते नाकारलं असतं, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसली असती. तीही नाहीत. म्हणजे औषध आत पोचलेलंच नाही."

"असं कसं होईल?"

"दोनच तऱ्हांनी होईल. पेनमध्ये काही नव्हतं, नाहीतर पेन टोचलंच गेलं नाही."

"ताई खोटं बोलायची नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी निकालाचा कागद फाइलीत लावला. "मग लोकांच्या घरी कदाचित दीडशे निकामी पेनं आहेत," त्या म्हणाल्या. "मला गुरुवारच्या आत कळायला हवं."

धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला एकदम आठवलं. औषध बदलायच्या आधीच्या आठवड्यात ताईने जुन्या पेनांची दोन जादा खोकी मागितली होती. दिरांकडे महिनाभर जायचंय, म्हणाली होती. जादा औषधाच्या कागदावर सही धाकटीचीच होती. पुढे ताई-भावोजी कुठेच गेले नाहीत. बेत बारगळला असेल, असं धरून धाकटी ते विसरून गेली होती. आपल्याला नुसतं विचारायचं होतं, तेही आपण विचारलं नव्हतं.

ताईची प्रयोगशाळा एका दुमजली इमारतीत जिन्याखालच्या दोन खोल्यांत होती. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. भिंतीवरच्या फळ्यांवर क्रमांक घातलेले जबडे ओळीने मांडलेले. स्पिरिटचा दिवा पेटलेला होता आणि ताई मेण तापवत होती. सुरीच्या मुठीभोवती तिने फडक्याची जाड गुंडाळी बांधली होती, तरी सुरी तिच्या बोटांत हलत होती. जबड्यावर समोरचे चारच दात लागले होते आणि त्यांतला एक तिरका होता.

"ताई."

"बस. हे थंड होऊ दे." तिने वर पाहिलं नाही.

धाकटी बसली नाही. "तुझ्या रक्तात औषध नाहीये. पेनं निकामी असतील तर गुरुवारी सगळी परत मागवतील. एकशे बारा माणसं अडकतील. मला खरं सांग. तू पेन घेतलंस का?"

ताईने सुरी ठेवली. मग हनुवटीने कोपऱ्यातल्या लहान फ्रीजकडे खूण केली. मापं घ्यायचं सामान त्यात ठेवलेलं असायचं. धाकटीने दार उघडलं. खालच्या कप्प्यात नव्या औषधाची तीन खोकी होती. तिन्हींची सीलं शाबूत. शेजारी जुन्या औषधाचं एकच पेन, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं.

"जुनी चार होती," ताई म्हणाली. "दोन आठवड्यांनी घ्यायचं ते मी महिन्यानं घ्यायला लागले. मग दीड महिना. हे शेवटचं, अगदीच हात गेले तर म्हणून."

धाकटीला आधी काय वाटलं असेल, तर हायसं. पेनं चांगली होती. बाकीच्या घरांना काही धोका नव्हता. आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली, कारण समोर बहिणीची बोटं सुजून लाल झाली होती.

ताईला ते दिसलं. "सुटलीस ना?" ती म्हणाली.

"ताई, असं का केलंस गं? नको होतं तर नाही म्हणायचंस. जबरदस्ती नव्हती कुणाची."

"कधी म्हणायचं होतं? चाळीस माणसांसमोर तू मला उभी केलीस तेव्हा?" ताईचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "तू मला विचारलं होतंस का आधी? त्या सकाळी आपण दोघी एकाच बसनं आलो. एकदा तरी म्हणालीस, ताई, तुझं नाव घेऊ का? आता ती माणसं मला औषधाच्या रांगेत भेटतात. काय हो, बरं आहे ना तुम्हाला, म्हणून विचारतात. काय सांगू त्यांना?"

"मला वाटलं तुला पटलंय."

"मला काही कळत नव्हतं, चिमणे. मला नुसती भीती वाटत होती. सहा वर्षं हे हात चाललेत. चालतंय ते हलवू नये, एवढंच डोक्यात होतं. आणि तू इतक्या खात्रीनं बोलत होतीस, की तुझ्यासमोर भीती वाटते म्हणायचीसुद्धा चोरी."

धाकटी स्टुलावर बसली. तिच्या तोंडाशी सगळी उत्तरं आली होती: पेशींचं, घाण्यांचं, हजारो रुग्णांचं. त्यांतलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ताईने दिवा विझवला. मग धाकटी म्हणाली, "गुरुवारच्या आत डॉक्टरांना हे कळायला हवं. नाहीतर चांगलं औषध परत जाईल. पण तू हो म्हणालीस तरच मी सांगेन."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मला काय करावं कळत नाही," धाकटी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

ताईने सुरीवरचं मेण खरवडायला घेतलं. संध्याकाळीही तिचा फोन आला नाही. बुधवारी धाकटी कामावर गेली. दोनदा तिने डॉक्टरांच्या दारावर टकटक करायला हात उचलला आणि दोनदा मागे घेतला. साडेअकराला तिला व्हरांड्यात ताई दिसली. चांगल्यातली साडी नेसून, हातात औषध थंड ठेवायची पिशवी घेऊन ती एकटीच आली होती. धाकटीकडे न बघता ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि तिने नवी सगळी पेनं टेबलावर ओळीने मांडली.

ती पाऊण तास आत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझ्या डॉक्टर ओरडल्या नाहीत. वाईट एवढंच वाटतं की मी ओरडून घ्यायची तयारी करून आले होते."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की जुनं हवं असेल तर तसं लिहून देता येतं, नियमात ती सोय आहे. नवं घेतलं आणि सांधे बिघडले तर परत बदलायचं, हेही त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं. काय ते ताईने ठरवायचं होतं. "तू यात पडू नकोस," ताई म्हणाली. धाकटीने मान हलवली.

गुरुवारच्या बैठकीत ताईची तक्रार यादीतून निघाली. ग्रंथालयातल्या बाईंचा प्रकार वेगळाच निघाला. नव्या पेनाचा टक् आवाज दोनदा होतो. त्या पहिल्याच आवाजाला पेन उचलत होत्या, आणि अर्धं औषध मांडीवरून ओघळत होतं. धाकटीने सभेत ते एकदाच दाखवलं होतं. बसचालकांच्या गुडघ्यात मात्र खरोखरच सूज होती, आणि ते पेन नीट घेत होते. "औषध न बदलताही काहींचा आजार उसळतो," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "ह्यांचा कशानं उसळला, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." बसचालकांना जुन्या औषधावर परत घेतलं गेलं. घाणा परत मागवला नाही. शिक्षिकेची सोमवारची तारीख कायम राहिली.

बैठक संपल्यावर धाकटी थांबली. "डॉक्टर, त्या सभेतल्या सगळ्यांना मला फोन करायचाय. बहिणीचा दाखला मी द्यायला नको होता, एवढंच सांगायचंय."

फार्मासिस्ट दचकला. "अहो सिस्टर, आत्ता कुठे गाडी रुळावर आलीये. लोक सोडून जातील!"

"जातीलही," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "करा फोन. पण बहिणीच्या तब्येतीबद्दल एक अक्षरही नाही."

तिने तीन दिवस दुपारच्या सुट्टीत फोन केले. सुरुवात प्रत्येक वेळी तीच असायची. "त्या दिवशी मी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. तिला विचारलं नव्हतं. तुम्ही तेवढ्यावर सही केली असेल, तर आपण पुन्हा बोलू." बरेच जण म्हणाले, अहो, त्यात काय एवढं. एका बाईंना ती सभाच आठवत नव्हती. एका गृहस्थांनी "म्हणजे तुमच्या बहिणीला त्रास झाला तर!" असं धरूनच टाकलं, आणि धाकटीला नाहीही म्हणता येईना, होही म्हणता येईना. त्यांनी त्याच आठवड्यात जुनं औषध मागून घेतलं. पाच जण पुन्हा येऊन बसले. त्यांनी विचारलेले प्रश्न सभेत कुणीच विचारले नव्हते: काम सोडून किती वेळा यावं लागेल, पेन प्रवासात कसं न्यायचं, नवं औषधही उद्या बदललं तर काय. शेवटच्या प्रश्नावर धाकटी म्हणाली, "बदलेलही. मला माहीत नाही." त्या पाचांतले चार नव्या औषधावर राहिले.

ताईने अकरा दिवस काहीच ठरवलं नाही. ते अकरा दिवस धाकटीने फोन केला नाही. भावोजींनाही केला नाही. बाराव्या दिवशी ताईच फोनवर म्हणाली, "नवंच घेतेय. तुझ्यासाठी नाही. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे, म्हणून." जुनं शेवटचं पेन तिने फार्मासिस्टकडे परत दिलं.

लगेच काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात तर उजवं मनगट जास्तच धरलं, आणि ताईने दोन दंतवैद्यांची कामं परत पाठवली. धाकटीला पुन्हा झोप लागेना. हे औषधच असेल तर? आजार आता मागे हटणारच नसेल तर? सहाव्या आठवड्यात सूज उतरायला लागली. नवव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सांधे मोजले तेव्हा सातांचे दोन राहिले होते. उजव्या हाताचं मधलं बोट मात्र सरळ होत नव्हतं. ते होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तपासणी संपवून दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. समोरून ती शिक्षिका गेली, नवऱ्याच्या कडेवर बाळ देऊन, स्वतः हाताची बोटं उघडत-मिटत. तिला सुरू करून दोनच महिने झाले होते. तिचं काय होणार, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

"सकाळचा ताठरपणा किती वेळ असतो?" धाकटीने विचारलं.

"आज अर्धा तास. मागच्या आठवड्यात पाऊण होता."

धाकटी पुढे काहीतरी बोलणार होती. तिने ते गिळलं आणि पर्सचा पट्टा उगाच नीट केला.

"विचार की," ताई म्हणाली. "पेन घेतलंस का, हेच विचारायचंय ना? विचार. विचारलेलं चालतं मला."

"घेतलंस?"

"घेतलं. मंगळवारी, डाव्या मांडीत. दुसरा टक् होईपर्यंत धरून ठेवलं." ताई बाकाची कड धरून सावकाश उठली. "आणि दुखलं बरं का, जुन्यापेक्षा जास्त. हे तुझ्या सभेत सांगत जा लोकांना."